धूळ मोजली, धूर राहिला

सांगलीत प्रदूषण म्हटलं की माणसं नदीकडे बघतात. शेरीनाला, कृष्णेत तरंगणारे मेलेले मासे, नळाच्या पाण्याचा वास. या विषयावर इथे मोर्चे निघाले, महासभा गाजल्या, निवडणुकीत आश्वासनं दिली गेली. हवेच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. हवा खराब असते ती दिल्लीची, फार तर मुंबई-पुण्याची, अशी आपली पक्की समजूत. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा त्यातल्या १०२ शहरांत महाराष्ट्रातली सतरा शहरं होती आणि मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंगतीला सांगलीही बसली होती. शेजारचं कोल्हापूरही. ही यादी कोणा परदेशी संस्थेनं केलेली नव्हती. हवेची राष्ट्रीय मानकं सलग पाच वर्षं गाठू न शकलेली शहरं आपल्याच यंत्रणेनं, आपल्याच आकड्यांवरून त्यात घातली होती.

यादीत नाव आलं की निधी येतो आणि निधी आला की तो खर्च करावा लागतो. देशभरात तो कशावर खर्च झाला, याचा हिशेब दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं २०२४ मध्ये मांडला. जवळपास ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता: डांबरीकरण, खड्डे बुजवणं, कडेचं काँक्रीट, रस्ता झाडणारी यंत्रं, पाणी मारणं. वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांहून कमी. कारखान्यांच्या धुरावर एक टक्कासुद्धा नाही.

हे अधिकाऱ्यांच्या आळसामुळे झालं असं मला वाटत नाही. ठेकेदारीचा वास येतो हे खरं, पण त्याहून साधं कारण आहे. शहराची हवा सुधारली की नाही, हे या कार्यक्रमात प्रामुख्यानं पीएम १० या एका आकड्यावर ठरतं. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचं एकूण वजन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात रस्त्यावरच्या मातीचा भार मोठा असतो. मग ज्याला गुण मिळवायचे आहेत तो मातीच झाडणार. परीक्षेत जे विचारतात तेच शिकवलं जातं, हे क्लासच्या गल्ल्या असलेल्या सांगलीला वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण धूळ मोजतो म्हणून धुळीशी लढतो आणि सायलेन्सरमधून निघणारा धूर हिशेबात येतच नाही. तो हिशेबात आणायचा तर मोजायचं काय आणि कुठे, हे बदलावं लागेल.

आधी वजनाचं बघू. दहा मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचा एक कण यांच्या व्यासात शंभर पटींचा फरक आहे. घनता सारखी धरली तर वजनात दहा लाख पटींचा. म्हणजे वाऱ्यानं उडालेल्या मातीच्या एका कणाइतकं वजन व्हायला डिझेलच्या काजळीचे दहा लाख अतिसूक्ष्म कण लागतात. मातीचा तो एक कण बहुतेक वेळा नाकात नाहीतर घशात अडतो, शिंकेनं किंवा खाकऱ्यानं बाहेर येतो. काजळीचे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात, आणि जाताना अंगावर ज्वलनातून आलेली विषारी सेंद्रिय रसायनं घेऊन जातात. वजनाच्या काट्यावर दोघे सारखे. हळदीच्या सौद्यात कोणी नुसत्या पोत्याच्या वजनावर भाव लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. हवेच्या बाबतीत मात्र आपण पोतं तोलून मोकळे होतो.

धूळ निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांवरून दुचाकीनं जाणाऱ्याला ते कोणी पटवूही शकणार नाही. ब्रेक आणि टायर झिजून पडणारं धातूचं, रबराचं चूर्णही त्याच धुळीत मिसळलेलं असतं. तेव्हा रस्ते झाडावेतच. प्रश्न असा आहे, की झाडून झाल्यावर आपण काम संपलं असं मानतो का.

आता जागेचं. देशातली बरीच मोजमाप केंद्रं अजून हातानं चालवली जातात. गाळणीचा कागद लावायचा, पंपानं हवा ओढायची, कागद तोलायचा. आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. नियमाप्रमाणे हवा आत घेणारं तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर असावं लागतं, म्हणून यंत्र सहसा एखाद्या इमारतीच्या गच्चीवर बसतं. शहराची सर्वसाधारण हवा कशी आहे हे कळायला ही पद्धत योग्यच आहे, तिचा हेतूच तो आहे. पण माणसाचं नाक दीड मीटरवर असतं. स्कूटरवर पुढे उभं राहिलेल्या पोराचं त्याहून खाली, समोरच्या गाडीच्या सायलेन्सरच्या जवळ. आणि सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेचा एक तास व संध्याकाळचा दीड तास चौकात जे साचतं ते चोवीस तासांच्या सरासरीत विरघळून जातं.

धुराचा स्वभाव असा, की तो रस्त्याजवळ दाट असतो आणि काही शे मीटरांत झपाट्यानं विरतो. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थेनं २०१० मध्ये तोवरचं सगळं संशोधन चाळून सांगितलं, की मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरचा पट्टा सर्वांत जास्त बाधित असतो आणि या धुरानं मुलांचा दमा बळावतो याला पुरेसा पुरावा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात ३,६७७ मुलांच्या फुप्फुसांची वाढ आठ वर्षं मोजली गेली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची वाढ दीड किलोमीटरपलीकडच्या मुलांपेक्षा कमी भरली. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी लंडनहून आणखी एक अभ्यास आला, मला तो फार आवडतो, कारण त्यात काही भव्यदिव्य नाही. दम्याच्या साठ रुग्णांना दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं. तिथे तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सी सोडून दुसऱ्या गाड्यांना जवळपास बंदी होती. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना तितकाच वेळ हाइड पार्कमध्ये चालवलं. शहर तेच, माणसं तीच. रस्त्यावर चालल्यावर फुप्फुसांची फुंकण्याची ताकद सहा टक्क्यांपर्यंत घटली, बागेत चालल्यावर घट त्याहून बरीच कमी.

सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ३०० मीटरचा पट्टा आखून बघा. विश्रामबागचे दवाखाने, क्लास, दोन नामांकित महाविद्यालयं, मंगल कार्यालयं, भाजीवाले, रिक्षाथांबे, सगळं त्यात येतं. मिरजेत तर दवाखानेच रस्त्याला खेटून उभे आहेत. १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल निघाल्यापासून हे गाव रुग्णांचं गाव आहे. उत्तर कर्नाटकातून माणसं इथे औषधपाण्याला येतात आणि दम लागलेला म्हातारा बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत त्याच रस्त्यानं चालत जातो, जिथली हवा त्याच्या छातीच्या उंचीवर मोजायला आपण क्वचितच जातो. पलीकडे सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून ढगातले कण टिपते आहे. काम उत्तम आहे. ढगात काय आहे हे कळलं, आता बसस्टँडवर काय आहे तेही कळू द्या.

यंत्राची जागा बदलली की काय होतं, हे धुराच्या विज्ञानाचा इतिहास पुन्हा पुन्हा दाखवतो. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचं कोडं कोणाला सुटत नव्हतं. संशय कारखान्यांवर होता. आरी हागेन-स्मिट हा डच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या वासात कोणकोणती द्रव्यं असतात याचा शोध घेत होता. त्याच कौशल्यानं त्यानं शहराची हवा तपासली आणि दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेलं इंधन यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. तेल कंपन्यांच्या पैशांवर चाललेल्या दुसऱ्या संशोधनानं त्याला खोडून काढायचा प्रयत्न केला. टिकलं ते त्याचं. आपल्याकडे उन्हाचा तुटवडा नाही, एवढं फक्त लक्षात ठेवावं.

फोक्सवॅगनचं प्रकरण त्याहून ताजं, आणि जरा सविस्तर सांगण्यासारखं. अमेरिकेत डिझेल गाड्यांची मानकं कडक होती आणि तिथे विकल्या जाणाऱ्या जर्मन गाड्या प्रयोगशाळेतल्या परीक्षेत उत्तम पास होत होत्या. रस्त्यावरही त्या तशाच वागतात हे दाखवून युरोपला धडा द्यावा, असा एका स्वयंसेवी संस्थेचा बेत होता. घोटाळा पकडायला कोणी निघालं नव्हतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाला हे काम मिळालं. अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतीय त्यात होते. २०१३ साली त्यांनी मोजण्याची यंत्रं गाडीतच ठेवली, नळी सायलेन्सरला जोडली आणि गाड्या खऱ्या रस्त्यावर पळवल्या, एक तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत जाऊन परत. एका मॉडेलनं मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजनचे ऑक्साइड सोडले, दुसऱ्यानं ५ ते २० पट. गाडीच्या संगणकाला आपण परीक्षेत आहोत की रस्त्यावर, हे ओळखता येत होतं आणि परीक्षा नसली की तो धूर साफ करणारी यंत्रणा आवरती घेत होता. सप्टेंबर २०१५ मध्ये हे जगजाहीर झालं, तेव्हा अशा गाड्यांची संख्या एक कोटी दहा लाखांवर निघाली. भारतातल्या तीन लाखांहून जास्त गाड्या कंपनीला दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

त्याच कंपनीनं बीएमडब्ल्यू आणि डाइमलरसोबत २००७ मध्ये एक संशोधन संस्था काढली होती. डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोग देतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जून २०१२ मध्ये जाहीर केलं होतं. नवं डिझेल तसं नाही, हे या उद्योगाला सिद्ध करायचं होतं. म्हणून २०१४ साली न्यू मेक्सिकोतल्या एका प्रयोगशाळेत दहा माकडांना बंद पेट्यांत बसवून, समोर कार्टून लावून, फोक्सवॅगनच्या डिझेल बीटल गाडीचा धूर हुंगायला लावला. ती बीटलही परीक्षा ओळखणारीच होती! म्हणजे प्रयोग मुळातच लबाड. २०१८ मध्ये हे उघडकीस आलं तेव्हा जर्मनीत गहजब झाला. संस्था त्याआधीच गुंडाळली गेली होती.

यावरून आपल्याकडे लगेच निघणारा निष्कर्ष म्हणजे, कंपनीच्या पैशानं झालेलं संशोधन विकलेलं असतं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. वर जिचा उल्लेख आला ती हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट १९८० पासून साधारण निम्मा पैसा अमेरिकी सरकारकडून आणि निम्मा वाहन उद्योगाकडूनच घेते. तरीही वाहनांच्या धुराविरुद्धचे सर्वांत भक्कम पुरावे तिच्याच अहवालांत सापडतात. २०२२ च्या अहवालात तिनं ३५३ अभ्यास तपासले, आणि वाहतुकीच्या धुराशी एकूण मृत्यूंचा, हृदयविकाराच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंचा संबंध आहे यावर मोठा विश्वास व्यक्त केला. फरक रचनेत आहे. पैसे देणाऱ्यांच्या हाती निष्कर्षांचा लगाम नाही आणि आकडे दुसऱ्याला तपासता येतात. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास छापला. आठ हजारांवर माणसांचा चौदा ते सोळा वर्षं पाठपुरावा केला होता, आणि सर्वांत घाण शहरात मृत्यूचा दर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला होता. उद्योगांनी गिल्ला केला, की कच्चे आकडे दाखवा. रुग्णांची खासगी माहिती चव्हाट्यावर न मांडता ते आकडे या संस्थेमार्फत तिऱ्हाईत शास्त्रज्ञांकडे दिले गेले. त्यांनी सगळी गणितं नव्यानं केली. २००० साली निकाल आला: मूळ निष्कर्ष बरोबर.

म्हणून सांगलीत उद्या एखाद्या वाहन कंपनीच्या किंवा साखर कारखान्याच्या सामाजिक निधीतून हवा मोजायला यंत्रं मिळाली, तर मी नाक मुरडणार नाही. यंत्राची किल्ली आणि आकड्यांची वही कोणाकडे राहणार, एवढंच विचारेन.

आपल्याकडे गाडीचा धूर तपासण्याची एक व्यवस्था आहे, असं कोणी म्हणेल. पीयूसी. ती कशी मिळते यावर लिहायची गरज नाही, ज्याच्याकडे गाडी आहे त्याला ते ठाऊक आहे. मी त्यापुढे जाऊन विचारतो. समजा, उद्यापासून प्रत्येक पीयूसी केंद्र काटेकोर प्रामाणिक झालं, तर काय कळेल? पेट्रोलच्या गाडीचा उभ्या जागी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन कळेल. डिझेलच्या गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा कळेल. नायट्रोजनचे ऑक्साइड त्या तपासणीत नाहीत. सूक्ष्म कणांचं वजन नाही, संख्या नाही. नव्या ट्रकमध्ये नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला युरियाचं द्रावण लागतं. 'युरिया संपला की गाडी ओढत नाही,' अशी तक्रार ड्रायव्हर मंडळी करतात, आणि ती खरी आहे, तसं मुद्दाम केलेलं असतं. पण ती यंत्रणा कोणी युक्तीनं बंद पाडली, तर पीयूसीच्या कागदावर काहीही उमटणार नाही.

नायट्रोजन डायऑक्साइड हा त्या ऑक्साइडांपैकीच एक वायू आपल्या जिल्ह्याला खरं तर परका नाही. खानापूर-आटपाडी भागातले हजारो गलाई बांधव देशभर सोनं-चांदी शुद्ध करतात. धातूवर नायट्रिक आम्ल पडलं की भांड्यातून जो तांबूस धूर उठतो तो हाच. त्यानं छाती कशी धरते, हे विट्याच्या आसपासच्या कितीतरी घरांना पुस्तक न वाचता माहीत आहे. रस्त्यावर तो इतका विरळ असतो की रंग दिसत नाही. भारताचं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपलं मानक १० वर आणलं. पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, आपलं ४० आणि त्यांचं ५. आपलं मानक पाळलं म्हणजे हवा निर्धोक झाली, असा अर्थ होत नाही, हेही या आकड्यांवरून समजावं.

नव्या गाड्या पूर्वीपेक्षा खूप स्वच्छ आहेत, हे मान्य करायलाच हवं. १ एप्रिल २०२० पासून भारतानं गाड्यांच्या उत्सर्जन मानकांचा बीएस-५ हा टप्पा ओलांडून थेट बीएस-६ लागू केलं आणि इंधनातलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आलं. एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलची रस्त्यावर प्रत्यक्ष चालवूनही तपासणी होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या पोरांचा धडा आपल्या नियमातही उतरला, म्हणायचं. हे सगळं मोटारी आणि ट्रकबद्दल.

ट्रॅक्टरचं काय? हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या लेखांत सापडत नाही, कारण त्यांच्या रस्त्यांवर ऊस नसतो. आपल्याकडे गाळप सुरू झालं की साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या 'अंगद' गाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरला पुढच्या टप्प्याचं उत्सर्जन मानक लागू झालं. त्याखालच्यांना, म्हणजे देशात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य ट्रॅक्टरना, तेव्हा जुन्याच टप्प्यावर ठेवलं गेलं. शेतात चालणारं यंत्र म्हणून ही सवलत समजण्यासारखी आहे. शेतकऱ्यावर लाखभराचा बोजा टाकायला मीही तयार नाही. पण तो ट्रॅक्टर हंगामात शेतातलं यंत्र राहतच नाही. तो मालवाहू गाडी होतो, क्षमतेबाहेर भरलेला, चढाला काळ्या धुराचा लोट सोडणारा, आणि त्याच्यामागे दुचाकीवर अडकलेला माणूस तो लोट पुढची जागा मिळेपर्यंत गिळत राहतो.

इथे ट्रॅक्टरवाल्याला आरोपी करू नये. तो कर्ज काढून, मुकादमाला उचल देऊन, खेपांच्या हिशेबावर जगतो. त्याला मशिन बदल म्हणणं सोपं आहे. पण वाहतूक कोणत्या वेळी शहरातून सोडायची, कोणत्या रस्त्यानं वळवायची, कारखान्याच्या आवारात रांगेत उभ्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवायची की नाही, हे त्याच्या हातात नाही. ते प्रशासनाच्या आणि कारखान्याच्या हातात आहे. शाळा सुटायच्या वेळेला ऊसवाहतूक अमुक चौकातून नको, असं म्हणायला आज आधार काय? 'त्रास होतो' हा आधार नाही. त्यावर 'ऊस वाळतो, वजन घटतं' हे उत्तर तयार असतं, आणि ते उत्तर किलोत असतं. आपल्या बाजूनं एकही आकडा नसतो.

महापालिकेची अडचण वेगळी. वाहनं आमच्या अखत्यारीत नाहीत, ती आरटीओची, असं तिथे सांगितलं जातं. कायद्यानं ते बरोबर आहे. पण रिक्षाथांबा कुठे असावा, शाळेच्या फाटकासमोर गाड्या उभ्या राहू द्याव्यात का, चौकातल्या हातगाड्या कुठे हलवाव्यात, एकेरी मार्ग कोणता करावा, यातलं बरंचसं महापालिका आणि वाहतूक पोलीस मिळूनच ठरवतात. धूर कमी करणं जेवढं इंजिनात आहे तेवढंच गाडी ठप्प उभी राहू न देण्यात आहे. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार दर वर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवणं बंधनकारक आहे. तो ठेवला जातो, टाळ्या न वाजता मंजूर होतो. कोणत्या प्रभागाची, कोणत्या चौकाची, कोणत्या तासाची हवा, हे त्यात मागायचं तर आधी ते मोजलेलं हवं.

आणखी एक आक्षेप येतो, तोही खोटा नाही. पाचट पेटवणं, नदीकाठच्या वीटभट्ट्या, बेडग रोड आणि समडोळी रोडच्या कचरा डेपोंची आग, हे सगळं सोडून गाड्यांच्याच मागे का? याचं उत्तर असं, की त्या धुराला निदान डोळ्यांनी बघता येतं, त्याच्यावर ओरड होते, फोटो छापून येतात. गाडीचा धूर रोजचा, विखुरलेला, आणि तो सोडणाऱ्यांत आपण सगळेच, त्यामुळे तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायची? अशा धुरासाठी मोजमाप जास्त लागतं. आणि मोजलं तर पाचटीचाही वाटा बाहेर येईलच. त्याला माझी ना नाही.

यंत्रं महाग असतात, हा शेवटचा आणि सर्वांत नेहमीचा मुद्दा. काजळी सतत मोजणारं यंत्र महागच आहे, एखादं तरी मागावं लागेल. पण नायट्रोजन डायऑक्साइड मोजायची एक युक्ती १९७६ पासून जगाला माहीत आहे आणि ब्रिटनमधल्या नगरपालिका ती अजून सर्रास वापरतात. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, एका टोकाला ट्रायइथॅनॉलअमाइन हे रसायन लावलेली बारीक जाळी, दुसरं टोक उघडं. वीज नको, पंप नको. विजेच्या खांबाला माणसाच्या उंचीच्या थोडं वर बांधायची, वायू आपसूक आत जाऊन जाळीवर अडकतो. चारेक आठवड्यांनी उतरवायची, प्रयोगशाळेत रंग आणणारी अभिक्रिया करायची आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढायचं. बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या मुलांना जमेल असं हे काम आहे, लागणारा वर्णमापक (कलरिमीटर) महाविद्यालयाच्या कपाटात बहुधा असतोच. एका नळीचं मोजमाप २५ टक्क्यांपर्यंत मागेपुढे होऊ शकतं, म्हणून दोन-तीन नळ्या एकत्र बांधाव्या लागतात आणि काही नळ्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून ताडून बघाव्या लागतात. तासातासाची चढउतार तिच्यानं कळणार नाही, सूक्ष्म कणही कळणार नाहीत. पण कोणता रस्ता कोणत्या रस्त्यापेक्षा वाईट, आणि रस्त्यापासून आत पन्नास पावलांवर किती फरक पडतो, हे नक्की कळेल. शाळेचं फाटक पुढच्या रस्त्याला ठेवायचं की मागच्या गल्लीत, एवढा निर्णय त्यावर घेता येतो.

मोजून कोणाची हवा सुधारली, असंही विचारतात. दक्षिण कॅलिफोर्नियातच, त्याच संशोधकांनी, पुढच्या पिढ्यांतल्या मुलांची फुप्फुसं तशीच मोजली. मधल्या काळात तिथे गाड्यांचे नियम कडक झाले होते, हवा सुधारली होती. पंधरा वर्षांच्या वयाला ज्यांची फुप्फुसं वैद्यकीय अर्थानं कमजोर निघायची, अशा मुलांचं प्रमाण १९९० च्या दशकात आठ टक्क्यांच्या घरात होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०१५ मध्ये हे छापून आलं. आधीचे आकडे जपून ठेवले होते, म्हणून नंतरचे त्यांच्याशेजारी ठेवता आले.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून चाळीस-पन्नास जागा पुरतील: दोन्ही बसस्टँड, मिरजेचं रेल्वे स्टेशन, मार्केट यार्ड, विश्रामबाग, पुष्पराज चौक, कुपवाडची वसाहत, मोठ्या शाळांची फाटकं, आणि तुलनेसाठी नदीकाठ व आतल्या काही शांत गल्ल्या. नळ्या महाविद्यालयांनी बसवाव्यात, आकडे दर महिन्याला महापालिकेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लागावेत, कच्च्या नोंदी मागेल त्याला मिळाव्यात. सुरुवात ऑक्टोबरात केलेली बरी, म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटण्याआधीचा एक महिना हाती राहील.